अकरा सेकंद

पडद्यावर मी अकरा सेकंद आहे.
दार उघडतं, फुस्स करून, आणि मी विचारतो,
"चढायचंय का?"
एवढंच माझं वाक्य. त्याचे एकशे दहा डॉलर मिळाले,
ते बायकोच्या दाढेत गेले.

दर ऑक्टोबरात ओर्वाला बाई नववीला तो सिनेमा दाखवतात.
फळ्यावर खडूनं वर्तुळ काढतात:
इथे हाक येते, इथे पोरगा नको म्हणतो,
इथे कुणी म्हातारा भेटतो, आणि हा उंबरठा.
उंबरठा म्हणजे माझ्या बसची पायरी.
तिथे बाई सिनेमा थांबवतात
आणि मी, पस्तिशीतला, केसांसकट,
तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले,
घंटा होईपर्यंत भिंतीवर अडकून राहतो.

बाई म्हणतात, साऱ्या जगात गोष्ट एकच.
कुणी राक्षस मारायला निघतो, कुणी अमृत आणायला,
आमच्या सिनेमातला डेक्स निघतो दुलूथला,
पोहण्याच्या शर्यतीला,
खिशात मेलेल्या भावाचा पोहायचा चष्मा.
राक्षस म्हणजे त्याचा कोच. गुहा म्हणजे शाळेची बॉयलरची खोली.
गुरू झालेला झाडूवाला विमानानं आणला होता,
आणि आमचा खरा झाडूवाला, वेस्टरबर्ग,
कॅमेऱ्यामागे उभा राहून
त्याला झाडू धरायला शिकवत होता.

आम्हा फिनिश लोकांच्या जुन्या गोष्टींत
मेलेल्यांच्या गावापाशी काळी नदी आहे.
नाव वल्हवते ती मृत्यूचीच मुलगी.
येणाऱ्याला हटकते, जिवंत दिसतोस, मग इकडे कशाला?
पुढचं सगळं त्या येणाऱ्याचं.
तिचे खांदे भरून आले का, कुणी विचारत नाही.

संध्याकाळी तीच पोरं माझ्या बसमध्ये.
मागून एक जण ओरडतोच, "चढायचंय का?"
मग सगळी बस. मीही हसतो, वर्षातून एकदा.

शेवटचा थांबा बंद पडलेल्या खाणीपाशी.
तिथे उतरणारी एकटीच, सिग्ने पेराला.
यंदा ती पायरीवर थबकली.
"डेक्सला सोडल्यावर तुम्ही कुठे गेलात?"

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, खडीच्या ढिगापर्यंत.
तिथून बस वळवायची आणि परत,
कारण दिग्दर्शकाला त्याच्या गालावरचा उजेड पटत नव्हता.
एकोणीस वेळा तो गाव सोडून निघाला,
एकोणीस वेळा मीच त्याला माघारी आणला.
बाराव्या खेपेला ओकला बिचारा.
ती बस भंगारात गेली, तोवर वास होता.

"आणि सिनेमात परत येतो तेव्हा?"
"तेव्हा लाल मोटारीतून. परतीला हिरोला बस लागत नाही."
ती हसली नाही.
"मला लागेल," म्हणाली, आणि उतरली.

जानेवारी. पारा उणे एकतीस,
नाकातले केस काड्यांसारखे मोडावेत अशी सकाळ.
थांब्यावर सिग्ने, हातात बॅग,
चेन तुटलेली, म्हणून पट्ट्यानं आवळलेली.
तिच्या मागे घरात एकच दिवा, आणि पडदा जरा बाजूला.
दुलूथची गाडी शाळेसमोरून सव्वाआठला सुटते,
मला ठाऊक होतं. तिला तर होतंच.

दार उघडलं, फुस्स करून.
वाक्य जिभेवर आलं होतं.
पोरंसुद्धा कान देऊन बसली होती.
मी गिळून टाकलं.

तिनं एक पाय वर ठेवला,
बुटाचा बर्फ पायरीच्या कडेवर झटकला,
पुन्हा खाली घेतला, आणि खिडकीकडे पाहिलं.
मागून कुणी ओरडलं, दार लावा की,
कुणाचा तरी लहान भाऊ खोकायला लागला.

नऊ. दहा. अकरा.

बारा.
मी हँडब्रेक ओढला.